जनपद सभेकडे पेटी मागताना

मी जन्मात लिहिलेला पहिला अर्ज एका पेटीसाठी होता. त्याआधी मी लिहिलं होतं ते शाळेतलं शुद्धलेखन आणि गावातल्या बायकांची माहेरी जायची पत्रं. आमच्या ढिवर मोहल्ल्यात सातवी पास झालेला मी पहिलाच. त्यामुळे कुणाला काही लिहून हवं असलं की लोक मला शोधत तलावावर यायचे. मी कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभा असायचो आणि तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, हाक यायची, "ए सातवी पास, भायेर ये!"

आमचं गाव तहसिलीच्या गावापासून सात कोसांवर, धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. एका अंगाला तलाव, तलावाच्या खाली धानाच्या बांध्या आणि बाकी जिकडे बघाल तिकडे जंगल. अर्धं गाव शेती करणारं, अर्धं आमचं, मासे आणि शिंगाड्यांवर जगणारं. दिवाळी झाली की गावात दंडार व्हायची, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गाण्या-नाचाचं नाटक. त्यात आम्ही आठ जण गाणारे-वाजवणारे होतो, सगळे सतरा ते बावीस वर्षांचे. आमच्याजवळ एक ढोलकी, झांजांचा एक जोड आणि मोकळे गळे. सूर म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जो जास्त मोठ्यानं ओरडेल तो चांगला गाणारा, एवढंच आम्हाला कळत होतं.

ज्यांना आम्ही पुढे मास्तर म्हणायला लागलो, ते आमच्या गावात आले बांबूच्या गाडीवर आडवे पडून. माणूस सिरोंच्याकडचा, बोलणं तेलुगू, अंगात सणकून ताप. गाडीवाल्याला पुढे जायचं होतं. वाटेत हा मेला तर आपल्यामागे लफडं नको, म्हणून त्यानं त्यांना आमच्या तलावाच्या पाळीवर उतरवून दिलं. माझी आई तिथं जाळी वाळवत होती. तिनं मला आणि बापाला हाक मारली, आणि आम्ही तिघांनी त्यांना उचलून घरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, आणून निजवलं. पुढचे बारा दिवस आईनं त्यांना आंबील पाजली. वयानं ते तिच्यापेक्षा मोठे, तरी तिला "अम्मा" म्हणत. आई लाजायची. पण मी एकदा हसलो तर म्हणाली, "म्हनू दे. तापात मानसाले मायच आठवते."

ताप उतरला तेव्हा कळलं की ते एका नाटक कंपनीत पेटी वाजवत होते. कंपनी चांद्याला मोडली, मालक निघून गेला आणि आजारपणात त्यांची पेटीही गेली. त्यांच्याजवळ आता एक पिशवी आणि अंगावरचे कपडे होते.

एक दिवस आम्ही पाळीवर दंडारीची गाणी म्हणत होतो. मास्तर काठी टेकत आले, थोडा वेळ उभे राहिले आणि दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसले. आम्ही थांबलो. ते हसत होते.

"ओरडू नको," ते म्हणाले. "ऐक. आधी ऐक. मग गा."

तिथून आमचं शिकणं सुरू झालं. पेटी नव्हतीच. आमच्या घरामागे मासेमारीचा एक फुटका डोंगा, म्हणजे लहान नाव, पडला होता. त्याची एक फळी मास्तरांनी काढायला लावली, राखेनं घासून घेतली आणि मला सांगितलं, "तू लिहिणारा. पट्ट्या काढ." ते बोटानं दाखवत गेले आणि मी कोळशानं त्या फळीवर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या काढल्या. रोज दुपारी, जाळी सुकत घातली की, आम्ही आठ जण त्या फळीभोवती बसायचो. जो बोट ठेवेल त्या पट्टीचा सूर मास्तर गळ्यानं काढायचे. बोट सरकलं की सूर सरकायचा. कुणी भलत्या पट्टीवर बोट ठेवलं तर तो भलताच सूर ते असा काही काढायचे की पाळीवर बसलेली म्हातारी माणसंही हसायची. बरोबर आलं की म्हणायचे, "मंची, मंची." तेलुगूत मंची म्हणजे छान, हे आमच्या गावात तेव्हापासून सगळ्यांना माहीत झालं.

मास्तर पाळीपाळीनं आमच्या आठ घरी जेवायचे. पण धान कापायच्या आधीचे महिने आमच्याकडे ओढीचे. कणगीचा तळ दिसायला लागतो. त्या वर्षी घराघरात भातात पाणी वाढलं आणि ते मास्तरांच्या लक्षात आलं. एक दिवस शिकवणं झाल्यावर ते म्हणाले, "मी बल्लारपूर जातो. कोळशाच्या खाणीत काम मिळते म्हणतात."

पेटीवर चालणारी ती बोटं, आणि खाण! आमच्यात ढोलकी वाजवणारा एक शेतकऱ्याचा पोरगा होता, माझा जीवलग. तो उठून उभाच राहिला. "जाऊ नका जी मास्तर. आमी सरकारले मांगू."

सरकार कुठं बसतं हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आम्ही शाळेच्या गुरुजींना जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं की तहसिलीच्या गावी जनपद सभा आहे. शाळा, दवाखाने, रस्ते, बाजार, कोंडवाडे सगळं तीच बघते. गावोगावचे मेंबर असतात, अध्यक्ष असतात, कचेरी असते. "अर्ज करून पाहा," गुरुजी म्हणाले. "देतील का नाई ते सांगता येत नाई. पन मांगाले मनाई नाई."

मी दोन दिवस खपून दोन पानी अर्ज लिहिला. मला वाटलं होतं, झकास झाला.

मी आणि ढोलकीवाला पहाटे निघालो आणि दुपारी कचेरीत पोचलो. समोर बडेबाबू, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, बसले होते. वय पन्नासच्या पुढे, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी कानाला बांधलेली. त्यांनी माझा अर्ज वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांच्या मिशा हलल्या.

"कोनं लिवला?"

"मीच जी."

"यात तीनदा मायबाप सरकार हाये, दोनदा चरणांची धूळ हाये. पेटी कुठी हाये?"

"शेवटी हाये जी."

"शेवटपर्यंत कोन वाचते बे? सायब चार ओळी वाचते. त्या चारीत मांग. कोन तुमी, कितीजन, काय पायजे, कायसाठी, किती दिवस. बस. धूळगिळ काढून टाक."

त्यांनी जुन्या छापील कागदांच्या कोऱ्या पाठी मला दिल्या आणि व्हरांड्यात बसवलं. मी लिहून नेलं. त्यांनी वाचलं, लाल पेन्सिलीनं निम्मं खोडलं, परत दिलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. तिसऱ्या वेळी अर्ज अर्ध्या पानाचा झाला होता आणि वाचताना मला स्वतःलाच प्रथम नीट कळलं, की आम्हाला काय पाहिजे आहे: एक पेटी, आणि सहा महिने मास्तरांचं मानधन.

"आता आलं पानी वर," बडेबाबू म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "पन एक खोट हाये. आमच्याकडं संगीताचं खातंच नाई. पैसा द्याले खातं लागते. प्रौढ शिक्षनाचं हाये. तुमी गावात मोठ्या मानसायले वाचाले शिकवता का?"

ढोलकीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. हो म्हणून टाकायचं त्याच्या तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, "नाई जी."

"मंग शिकवा. पहिले वाचन, मंग गायन. खोटं लिवू नको. महिनाभर करून दाखव, आन मंग येऊन लिव."

त्या माणसाला आमच्याकडून काही मिळायचं नव्हतं. आम्ही त्यांच्या जातीचे नव्हतो, गावचे नव्हतो, ओळखीचेही नव्हतो. तरी त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा त्यांनी डब्यातली अर्धी भाकर ढोलकीवाल्याच्या हातावर ठेवली. माझ्या हातावर लाल पेन्सिलीचा तुकडा ठेवला.

महिनाभर आम्ही खरंच वर्ग चालवला. मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायची कशी, हा प्रश्न होता. क-कमळाचा म्हटलं की त्यांना झोप यायची. मास्तर म्हणाले, "त्यांना येणारं गाणं लिही." मी दंडारीतल्या एका गाण्याच्या ओळी फळीच्या मागच्या बाजूला लिहिल्या. गाणं सगळ्यांना तोंडपाठ. मी शब्दावर बोट ठेवायचो, ते म्हणायचे, आणि म्हणता म्हणता एखादा ओरडायचा, "अरे, हा तर मघाचाच 'ना' हाये!" माझा बाप त्या महिन्यात सही करायला शिकला. त्यानं पहिली सही घराच्या भिंतीवर गेरूनं केली. आईनं ती बरीच वर्षं सारवणातून वगळली.

मग मी अर्ज दिला आणि सभेची तारीख आली. आम्ही दाराजवळ खाली बसलो होतो. समोर बाकांवर मेंबर, मधे अध्यक्ष. बडेबाबूंनी आमचा अर्ज वाचून दाखवला. तेवढ्यात मोठा लाल फेटा बांधलेले एक मेंबर उठले. उन्हानं रापलेला माणूस, आवाज खणखणीत.

"माझ्या गावच्या बाया अर्धा कोस चालून नाल्यातल्या झिऱ्याचं पानी आनतेत," ते म्हणाले. "मी दोन वर्सापासून विहीर मांगून राह्यलो. ते नाई भेटली. आन ह्यायले पेटी पायजे?"

मी मान खाली घातली. माणूस खरं बोलत होता. त्याच्या गावच्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन येणाऱ्या.

"आन हा मास्तर कोन?" त्यांनी पुढे विचारलं. "याचं काई सर्टिफिकेट? उद्या कोनीबी येईन, म्हनीन मी उस्ताद हाओ."

अध्यक्षांनी थोडा विचार करून ठरवलं की तहसिलीच्या गावातल्या हायस्कुलात गायन शिकवणारे गुरुजी आहेत, त्यांनी मास्तरांची परीक्षा घ्यावी. ते योग्य म्हणाले तर पुढच्या सभेत विषय पुन्हा यावा.

आम्ही आनंदात परतलो. मास्तरांची परीक्षा! त्यांना काय कठीण! मास्तर मात्र ऐकून नुसते "बरं" म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

परीक्षेला मी त्यांच्याबरोबर गेलो. आईनं त्यांचं धोतर धुऊन दिलं होतं. शाळेच्या एका खोलीत टेबलावर पेटी ठेवली होती. गुरुजी वर्गावर होते म्हणून चपराशानं आम्हाला थांबायला सांगितलं. मास्तरांनी कितीतरी महिन्यांनी खरी पेटी पाहिली. त्यांनी चपराशाला विचारून भाता उघडला आणि एकेक पट्टी हळूच दाबून पाहिली. मधली एक पट्टी बोललीच नाही.

"ते दोन वर्सापासून मुकी हाये," चपराशी म्हणाला.

मास्तरांनी झाकण उचललं, आत वाकून पाहिलं आणि माझ्याजवळ कोंबडीचं पीस आहे का म्हणून विचारलं. अंगणात एक सापडलं. त्या पिसाच्या दांडीनं त्यांनी आतल्या पितळी पत्तीखालचा कचरा अलगद काढला, फुंकर मारली, झाकण लावलं. एवढं करेपर्यंत गुरुजी आले. मागून दोन मेंबर आणि बडेबाबूही आले. खोली माणसांनी भरली.

आणि मास्तर वाजवायला बसले.

ते कसं वाजलं ते मी अजून विसरलो नाही. बोटं एकमेकांवर चढत होती. ताल सुटला, त्यांनी धरला, पुन्हा सुटला. मधेच ते थांबले.

"पुन्हा वाजवा," गुरुजी शांतपणे म्हणाले. "घाई नाही."

दुसऱ्या वेळी आणखी वाईट झालं. मास्तरांनी भाता मिटला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. गुरुजींनी कागदावर काही लिहिलं. "असू द्या," ते म्हणाले. त्या दोन शब्दांत आम्हाला सगळं कळलं. बडेबाबू सुतळीचा चष्मा पुसत बाहेर निघून गेले.

येताना चार कोसांवर एक नाला लागतो. मास्तर तिथं पाण्यात पाय सोडून बसले. ते आपणहून बोलले.

"कंपनीत मी पडद्याच्या मागे बसत होतो. बावीस वर्षं. समोर नट, समोर लोक. मी मागे. मला कोणी बघत नाही, तर माझा हात चालतो. आज सगळे माझ्या हाताकडे बघत होते."

"आमच्यासमोर तर चांगलं शिकवता जी," मी म्हणालो.

"तुम्ही माझ्याकडे बघता कुठं?" ते म्हणाले. "तुम्ही फळीकडे बघता."

गावात आल्यावर त्यांनी पिशवी भरायला घेतली. आई दारात उभी राहिली. तिनं रागावून किंवा रडून काही म्हटलं नाही. "धान कापून होऊ द्या," ती म्हणाली. "नवा तांदूळ खाऊन जा. उपाशीपोटी दिवस काढले आमच्या घरी, आन भरल्या दिवसात जाता का?" मास्तरांनी पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. ते राहिले.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारची गोष्ट. आम्ही नेहमीसारखे आमच्या घरामागे फळीभोवती बसलो होतो. मास्तर परीक्षेनंतर पहिल्यांदाच जरा मोकळे झाले होते. चौघांना एक सूर देऊन उरलेल्या चौघांकडून दुसरा म्हणवून घेत होते आणि मधे स्वतः गात होते. भिंतीच्या पलीकडे काय चाललंय ते आम्हाला दिसत नव्हतं. ते मला आईनं मागाहून सांगितलं.

आई पुढच्या अंगणात झिंगे वाळत घालत होती. एक माणूस सायकल ढकलत आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि भिंतीजवळच जमिनीवर बसला.

"कोन भाऊ?" आईनं विचारलं. "पानी देऊ का?"

त्यानं तोंडावर बोट ठेवलं. "बसू द्या बाई. जरा ऐकतो."

आईला वाटलं, थकलेला वाटसरू असेल. तिनं तांब्याभर पाणी ठेवलं आणि पुन्हा कामाला लागली. तो माणूस चांगला तासभर तिथं बसला. झिंग्यांचा वास आणि माश्या, तरी हलला नाही. मधेच डोळे मिटून मान हलवायचा. आम्ही एक चाल संपवली तेव्हा तो उठून मागे आला. ते हायस्कुलातले गुरुजी होते.

मास्तर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला. गुरुजींनी आधी आमच्या फळीकडे पाहिलं. कोळशाच्या पट्ट्या बोटांनी पुसट झाल्या होत्या. मग मास्तरांना म्हणाले, "आमच्या पेटीतली मुकी पट्टी बोलायला लागली. तुम्हीच केलं ना?"

"कचरा होता जी," मास्तर म्हणाले. "फक्त कचरा."

"चांद्याहून माणूस बोलावला होता मी. त्याला नाही सापडला." गुरुजी फळीजवळ बसले. "तुम्ही गेल्यावर मी वाजवायला बसलो आणि ती पट्टी बोलली. तेव्हापासून मला चैन नाही. ज्याला एवढं ऐकू येतं, त्याला वाजवता येत नाही हे मला पटेना. म्हणून आलो. तुमची परवानगी न घेता भिंतीमागं बसलो, त्याची माफी करा."

माफी! हायस्कुलातले गुरुजी, आमच्या मास्तरांची! आम्ही आठही जण एकमेकांकडे बघायला लागलो. ढोलकीवाल्याला रडू आलं आणि ते लपवायला तो ढोलकीची दोरी घट्ट करू लागला.

गुरुजींनी मग आम्हाला एकेकाला गायला लावलं. मला फळीवर बोटं फिरवायला लावली आणि मी कुठला सूर धरलाय ते स्वतः गाऊन पाहिलं. सायकलच्या पिशवीतून कागद काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवूनच अहवाल लिहिला. पहिली परीक्षा आपण चुकीच्या ठिकाणी घेतली, असं त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आपलं चुकलं हे सरकारी कागदावर लिहिणारा माणूस मी त्यानंतर क्वचितच पाहिला. आईनं त्यांना नव्या तांदळाचा भात आणि मरळीचं कालवण वाढलं. ते मासे खात नव्हते. भातावर नुसतं मीठ घेऊन जेवले आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.

पुढच्या सभेत बडेबाबूंनी तो अहवाल वाचला. त्या दिवशी त्यांचा आवाज जरा चढलेलाच होता. लाल फेटेवाले मेंबर पुन्हा उठले. मी मनात उत्तर तयार करून आलो होतो: तुमचं खरं आहे, आधी तुमची विहीर होऊ द्या, आम्ही पुढच्या वर्षी मागू. ते म्हणायचीही माझी तयारी होती. बोलण्यासाठी मी अर्धा उठलोही.

"बस बापू, बस," ते मला म्हणाले. मग अध्यक्षांकडे वळले. "विहीर मी मांगतोच हाओ, आन मांगत राहीन. पन गुरुजीनं लिवलं ते ऐकलं मी. माझी हरकत नाई. एक अट हाये. माझ्या गावचे पोट्टेबी शिकाले पायजे. आठवड्यातून एक दिवस त्या मास्तरले माझ्या गावी पाठवा. जेवन आमच्याकडं."

अध्यक्ष हसले. ठराव पास झाला.

पेटी चांद्याहून मागवली. ती तहसिलीच्या गावापर्यंत मोटारीनं आणि तिथून आमच्या गावापर्यंत बैलगाडीवर आली. गाडीत खाली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, घातलं होतं आणि वर पेटी मांडीवर धरून मास्तर बसले होते, सात कोस. गावात पोचल्यावर पोरं गाडीमागे धावत होती. मास्तरांनी पेटी आमच्या सपरीत ठेवली, सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि वाजवायला लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आम्ही ज्यांच्याकडून शिकत होतो ते केवढे मोठे वादक होते. माझा बाप दाराच्या चौकटीला धरून उभा होता. आईनं चुलीतली लाकडं मागे ओढली, फोडणीचा आवाज नको म्हणून.

वर्ग सहा महिन्यांचा ठरला होता, तो दोन वर्षं चालला. दर वेळी मी अर्ज लिहायचो, अर्ध्या पानाचा, आणि बडेबाबू तो न खोडता पुढे सरकवायचे. लाल फेटेवाल्यांच्या गावी मास्तर दर बुधवारी चालत जात. तिथल्या पोरांनी पुढे स्वतःची दंडार उभी केली आणि एका वर्षी आमच्यापेक्षा चांगली केली, हे आम्हाला बराच काळ खुपत राहिलं. त्यांच्या गावात विहीरही झाली. ती खणताना आम्ही आठ जण तीन दिवस माती उपसायला गेलो होतो. मेंबर स्वतः आमच्या बरोबरीनं टोपली उचलत होते आणि मला म्हणत होते, "अर्ज मस्त लिवतो रे तू. माझाबी लिवून दे न."

मग राज्य बदललं. आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, कागद इकडून तिकडे गेले, आणि त्या वर्षी आमच्या वर्गाचा पैसा आला नाही. कुणाचा दोष म्हणावा असं त्यात काही नव्हतं. त्याच सुमारास मास्तरांच्या भाच्याचं तेलुगूत लिहिलेलं पत्र आलं. मास्तरांनी ते वाचलं आणि आम्हाला सांगितलं की बहीण बोलावते आहे, तिला आता कोणी नाही. या वेळी आईनं अडवलं नाही. सुकी मासळी आणि तांदूळ बांधून दिले. पेटी ते घेऊन गेले नाहीत. "ती गावाची आहे," म्हणाले.

आमच्या आठांतल्या दोघांना पुढे गाण्यानं पोटाला लावलं. झाडीतल्या मंडळींच्या नाटकांत ते पेटीवर आणि गळ्यावर जगले. ढोलकीवाला शेतीच करत राहिला, पण त्याच्या बांधीत काम करणारी माणसं तालात धानाची रोवणी करायची, असं लोक चेष्टेनं म्हणत. माझी बोटं खऱ्या पेटीवर कधी सैल झाली नाहीत. फळीवर शिकलेली होती, फळीवरच राहिली. पण बडेबाबू निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी मला त्याच कचेरीत कारकून म्हणून अर्ज करायला लावला. तो अर्ज मात्र त्यांनी दोनदा खोडला. "सोताबद्दल मांगतानी फार लाजते हा," म्हणाले. मी तिथं लागलो आणि पुढे नोकरीभर दारातून आत येणाऱ्या लोकांचे अर्ज लिहीत राहिलो. विहिरीचे, शाळेचे, रस्त्याचे. कुणी चरणांची धूळ घेऊन आलं की मला बडेबाबूंच्या मिशा आठवायच्या.

बऱ्याच वर्षांनी कचेरीच्या कामानं मला सिरोंच्याला जावं लागलं. तेव्हा तिकडे जाणं म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. काम झाल्यावर मी मास्तरांची चौकशी केली. पत्ता नव्हता, नुसतं "पेटी शिकवणारे म्हातारे" म्हणून विचारत गेलो. एका दुकानदारानं बोट दाखवलं.

कौलारू घर होतं. अंगणात पाच-सहा पोरं-पोरी बसली होती. सगळी तेलुगू बोलत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं. मास्तर पाठमोरे होते, केस पांढरे झाले होते. एका पोराचा ताल चुकला. मास्तरांनी मांडीवर थाप मारली आणि आमच्या गावच्या बोलीत, आमच्या मोहल्ल्यातल्या माणसासारखेच म्हणाले, "काऊन बे पोट्ट्या, कुठी धावून राह्यला? हळू चाल न!"

ते पोरगं काही न कळता हसलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलं. मी अंगणाच्या कडेला चपला काढल्या आणि त्या पोरांच्या मागे जाऊन बसलो.